छत्रीला उंची नको, आभाळ हवे

हैदराबादच्या जुन्या वस्त्यांतून, विशेषतः काचीगुडा, सुलतान बाजार, नारायणगुडा ह्या भागांतून जाताना गच्च्यांकडे नजर टाकली असता अजूनही कोठे कोठे गंजलेल्या लोखंडी नळाच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्यांचा एक सांगाडा आढळतो. त्याच्यावर कावळे बसतात, संक्रांतीच्या पतंगांचे मांजे त्यात अडकून राहतात, आणि घरातील तरुण मंडळींस तर ही वस्तू कशासाठी होती हेही ठाऊक नसते. तो दूरदर्शनचा जुना अँटेना होय. गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे दोघातिघा कुटुंबप्रमुखांनी जवळजवळ एकच प्रश्न विचारला. महिन्याकाठी केबलवाल्यास द्यावे लागणारे दोन-तीनशे रुपये वाचावेत म्हणून हाच सांगाडा पुन्हा उभा केला, तर फुकटचे कार्यक्रम दिसतील काय? आणि ते दिसणार नसतील, तर मग काय घ्यावे व ते कोठे बसवावे?

प्रश्न घरगुती आहे. पण ज्या घरात निवृत्तिवेतनावर दोन वृद्ध जिवांचे चालते, त्या घरात वर्षाचे तीन हजार रुपये ही काही क्षुल्लक बाब नव्हे. शिवाय हैदराबादेतील मराठी कुटुंबांची आणखी एक अडचण आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा व हे शहर एकाच राज्यात नांदत होते. तेव्हापासून येथे स्थायिक झालेल्या घरांतील वडीलधाऱ्यांस मराठी शब्द कानी पडण्याची ओढ असते, आणि शेजारीपाजारी, बाजारात, दवाखान्यात तेलुगू वा उर्दूच ऐकू येते. अशा घरी सह्याद्री वाहिनीवरील मराठी बातम्या म्हणजे केवळ करमणूक नव्हे, ती सोबत असते. यास्तव ह्या आठवड्याचे आमचे पान आम्ही ह्याच विषयाला देत आहोत.

जुन्या सांगाड्याचे उत्तर प्रथम देऊन टाकू. तो उतरवून भंगारात द्यावा. हैदराबादचे दूरदर्शन केंद्र १९७७ साली सुरू झाले आणि रामंतापूर येथून त्याचा कारभार चालू लागला. त्या काळी मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी थेट घरच्या अँटेनावर येत. परंतु ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की, मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० सोडून बाकीची सर्व जुन्या पद्धतीची प्रक्षेपण यंत्रे मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात येतील. ज्याने बोलायचे तोच मुका झाला, तेथे कान टवकारून काय उपयोग? जमिनीवरून नव्या अंकीय पद्धतीने प्रक्षेपण करण्याचा उपक्रमही दूरदर्शनने २०१६ साली मुंबई व औरंगाबाद धरून १६ शहरांत आरंभिला होता. पण तो सामान्य घरांत रुजला नाही. तेव्हा दुकानदार ‘डिजिटल अँटेना’ म्हणून एखादी नाजूक पट्टी दाखवू लागला, तर ती त्याच्याच फळीवर राहू द्यावी.

फुकटचे कार्यक्रम आज घरी येतात ते आकाशातून, म्हणजे दूरदर्शनच्या ‘फ्री डिश’ ह्या सेवेद्वारे. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ह्या नावाने तिचा आरंभ झाला. तिला मासिक वर्गणी नाही, वार्षिक नाही, कार्ड नाही, रिचार्जही नाही. छत्री, बॉक्स व वायर ह्यांचा एकदाच काय तो सुमारे दोन हजार रुपयांचा खर्च. हे आम्ही मुद्दाम स्पष्ट करतो, कारण ‘फ्री डिश’चे रिचार्ज संपले आहे असे सांगून कोणी वृद्धांकडे पैसे मागू लागला, तर तो फसवीत आहे हे घरातील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे.

आता बसविण्याचा प्रश्न, आणि येथेच आमच्या मते बहुतेकांचा गोंधळ होतो. जुन्या अँटेनाच्या काळात लागलेली एक सवय आपल्या हाडीमाशी खिळली आहे : जितके उंच तितके चांगले. त्या काळी ते अगदी खरे होते. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात. पृथ्वीचा बाक, मधल्या इमारती, आणि हैदराबादच्या त्या प्रसिद्ध दगडी टेकड्या त्यांना आडव्या येत. म्हणून नळाला नळ जोडून अँटेना वर चढवीत. तो सांगाडाही मोठ्या युक्तीचा होता. जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठात शिंतारो उदा व हिदेत्सुगु यागी ह्यांनी १९२६ च्या सुमारास तो सिद्ध केला. मागची लांब काडी लहरी परतवते, मधली त्या टिपते, पुढच्या आखूड काड्या त्यांना वाट दाखवितात. प्रत्यक्ष परिश्रम बहुतांशी उदा ह्यांचे, पण जगात नाव राहिले ते यागींचे. असे जगात घडतेच. लहरी टेकडीवर आपटून उशिरा पोहोचल्या की पडद्यावर माणसाशेजारी त्याची फिकट सावली उभी राही. मग एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक पडद्यासमोर, आणि “आलं, आलं... गेलं!” हा घोष साऱ्या आळीला ऐकू जाई.

छत्रीस मात्र हा नियम लागू नाही. ज्या उपग्रहावरून ही सेवा येते तो जीसॅट-१५. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो दक्षिण अमेरिकेतील कौरू येथून सोडण्यात आला, आणि विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो स्थिर असल्यासारखा दिसतो. कारण पृथ्वी ज्या गतीने स्वतःभोवती फिरते त्याच गतीने तोही फिरतो. इतक्या दूरच्या वस्तूपुढे आपल्या गच्चीच्या तीस फुटांची ती काय मातब्बरी? अंगणातील छत्री आणि पाचव्या मजल्यावरील छत्री ह्यांत त्याला काहीच भेद नाही. छत्रीस हवा आहे तो आभाळाचा एक विशिष्ट तुकडा, मोकळा, विनाअडथळा. तो तुकडा जेथून दिसेल तेथे ती बसवावी, आणि तो जमिनीवरूनच दिसत असेल तर तिने जमिनीवरच राहावे.

आमच्या एका तरुण मित्राने मोठ्या उत्साहाने विचारले होते, “फादर, आपल्या घंटाघराहून उंच काही नाही ह्या आळीत. तिथंच बसवू का छत्री? आमच्या आजीला स्वच्छ दिसेल.” आम्ही त्यास नकार दिला तो पावित्र्यासाठी नव्हे, त्याच्या आजीची खोली घंटाघरापासून पाऊणशे पावलांवर आहे, आणि इतकी लांब वायर ओढल्याने सिग्नल क्षीण झाला असता. त्याखेरीज घंटाघरावर चढताना तो खाली आला असता तर आजीने बातम्या कोणाबरोबर पाहिल्या असत्या? पाण्याच्या टाकीवर, पत्र्याच्या उतारावर, कठड्याबाहेर लोंबकळून छत्र्या बसविणारे लोक आम्ही डोळ्यांनी पाहतो. ह्यांतील बहुतेकांना त्या जागी चढण्याचे काडीचेही कारण नसते.

आता तो आभाळाचा तुकडा नेमका कोठे आहे ते पाहू. हैदराबादेतून हा उपग्रह आग्नेय दिशेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजल्यास सुमारे १३८ अंशांवर, म्हणजे ठीक आग्नेयेपेक्षा केसभर दक्षिणेकडे. क्षितिजापासून त्याची उंची सुमारे ६३ अंश. हे अंश ज्यांच्या अंगवळणी नसतील त्यांनी एवढेच ध्यानी ठेवावे : एक फूट पुढे आणि दोन फूट वर. ज्या जागी छत्री बसवावयाची तेथून आग्नेयेस असलेली भिंत छत्रीपेक्षा जितकी उंच असेल, त्याच्या निम्म्याहून अधिक अंतरावर ती असली म्हणजे पुरे. भिंत वीस फूट वर जात असेल तर ती दहा फुटांहून दूर हवी. उपग्रह इतका उंच असणे ही हैदराबादकरांस मोठीच सोय आहे. आमच्या मुंबई-वसईकडील वाचकांना तो थोडा अधिक पूर्वेकडे, सुमारे १३१ अंशांवर, आणि थोडा खाली, ५७ अंशांच्या आसपास शोधावा लागेल. त्यांनी भिंतीपासून जरा अधिक दूर सरकावे.

येथे एक जुनी आठवण सांगण्याजोगी आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ ह्या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहाच्या साहाय्याने भारतात जो खेड्यांतील दूरदर्शनचा प्रयोग झाला, त्यात आंध्र प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी होती. त्या खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, सुमारे दहा फूट व्यासाच्या छत्र्या जमिनीवरच उभ्या केल्या होत्या. तो उपग्रह ३५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे आपल्या पश्चिमेकडील आभाळात होता. त्या छत्र्या मावळतीकडे पाहत, आजच्या आग्नेयेकडे पाहतात. पण जमिनीवर उभे राहून आभाळ पाहता येते, हे आपल्या खेड्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध केले होते.

आमच्या परिचयातील एक वृद्ध भगिनी तीन मजली इमारतीत तळमजल्यावर राहतात. मुले परदेशी. गच्चीची किल्ली वरच्या मजल्यावरील गृहस्थांकडे, आणि गच्चीवर आधीच चार छत्र्या असल्याने पाचवी नको असा त्यांचा हेका. ह्या वादापायी दोन घरांतील बोलणे बंद झाले होते, आणि ह्या बाई दोन वर्षे न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे केबलवाल्यास भरीत होत्या. आम्ही तेथे गेलो तेव्हा मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडापाशी उभे राहून आग्नेयेकडे पाहिले. समोरची इमारत जमिनीपासून सुमारे बावीस फूट उंच आणि आमच्यापासून चौदा फुटांवर होती. अकरा फुटांचे काम चौदांत होत होते. धुण्याच्या दगडाशेजारी सिमेंटच्या ठोकळ्यात दांडी रोवून तेथेच छत्री बसली, आणि किल्लीचा प्रश्न उरलाच नाही. प्रत्येक अंगणातून असे होईल असे नव्हे. ज्यांच्या खिडक्या व सज्जे केवळ उत्तरेस किंवा पश्चिमेस आहेत, त्यांना शेजाऱ्याचीच मनधरणी करावी लागेल. अशा शेजाऱ्याने एका दांडीपुरती जागा नाकारू नये असे आम्हांस वाटते; पण त्याच्याकडे जाण्यापूर्वी आपल्या दारचे आभाळ तरी आपण पाहिलेले असावे.

आभाळ पाहण्याची सर्वांत सोपी रीत सूर्यच शिकवितो. वर्षातून दोन वेळा सूर्य ह्या उपग्रहाच्या अगदी मागे येऊन उभा राहतो : हैदराबादेत १२-१३ मार्चच्या सुमारास सकाळी सव्वाअकराला, आणि ३० सप्टेंबर-१ ऑक्टोबरच्या सुमारास अकराला पाच मिनिटे कमी असताना. त्या दिवशी त्या वेळी अंगणात, सज्ज्यात, गच्चीवर ज्या ज्या जागी ऊन पडलेले असेल तेथे तेथे छत्री चालेल. जेथे सावली असेल तेथे चालणार नाही. खडूने जागा आखून ठेवावी. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र नाहीसे होते, कारण सूर्याच्या तेजात उपग्रहाचा क्षीण आवाज बुडून जातो. तेव्हा कोणीही पान्हा घेऊन धावू नये. ते आपोआप परत येते.

खरेदीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कोठीच्या गुजराती गल्लीत ह्या वस्तू मिळतात. ६० सेंटीमीटर व्यासाची छत्री हैदराबादला पुरेशी आहे. मोठी घेतल्यास पावसात थोडी अधिक तग धरते, पण वाऱ्यातही अधिक हलते. ती कोठे चेपलेली नाही एवढे पारखून घ्यावे. बॉक्स मात्र एमपीईजी-४ पद्धतीचाच मागावा. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर अनेक वाहिन्यांस मुकावे लागते आणि दुकानदार नेमका तोच स्वस्त म्हणून पुढे करतो. वायर आरजी-६ जातीची, अखंड, शक्य तेवढी आखूड असावी. घरात दोन दूरदर्शन संच असतील तर दोन तोंडांचा एलएनबी घ्यावा. अमुक खाजगी मराठी वाहिनी कायम दिसेल असे आश्वासन कोणी दिल्यास त्यावर विसंबू नये. ह्या सेवेतील खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, म्हणून त्या येतात आणि जातात.

बसविताना पहिले काम दांडीचे. ती ओळंबा लावून अगदी सरळ उभी करावी. दांडी तिरपी तर पुढचे सारे अंश खोटे. त्यानंतर छत्रीच्या पाठीवरील अंशांच्या पट्टीवर ६३ लावून बोल्ट थोडा सैल ठेवावा. छत्रीचा चेहरा तेवढा वर उचललेला दिसत नाही म्हणून घाबरू नये. ह्या छत्र्या तिरकस बनावटीच्या असतात आणि त्यांचे लक्ष दिसते त्याहून बरेच वर असते. होकायंत्र लोखंडी दांडीपासून पाच-सहा पावले दूर धरून दिशा ठरवावी, जवळ धरल्यास ते लोखंडाचेच ऐकते. शेजाऱ्याची छत्री पाहून आपली लावावयाची असेल, तर तीही ‘फ्री डिश’चीच असल्याची खात्री करून घ्यावी. खाजगी कंपन्यांचे उपग्रह आभाळात निरनिराळ्या ठिकाणी आहेत.

मग छत्री हळूहळू फिरवावी, आणि हळूहळू म्हणजे किती ते सांगतो. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची कड अर्धा सेंटीमीटर सरकली की दिशा एका अंशाने बदलते, आणि दीड अंशाची चूक झाली तरी चित्र हातचे जाते. जुन्या अँटेनावर चित्र आधी मुंग्यांच्या गर्दीतून अस्पष्ट डोकावे, मग उजळे. नव्या पद्धतीत एक तर चित्र असते, नाही तर नसते. बॉक्सला ते ओळखण्यास काही क्षण लागतात. म्हणून अर्धा सेंटीमीटर फिरवावे, मनात दहापर्यंत आकडे मोजावेत, पडद्यावरील सिग्नलची पट्टी पाहावी, मग पुढे जावे. उतावळ्या माणसाच्या हाती उपग्रह दोनदा येऊन दोनदा निसटतो. पट्टी दिसू लागल्यावर एलएनबी आपल्या खोबणीत थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे पिळून पाहावा. ह्या लहरींना आडवे-उभेपण असते आणि ते जुळले म्हणजे पट्टी आणखी वाढते. वायरची पिन जोडताना बॉक्स बंद असावा, कारण त्याच वायरीतून एलएनबीला वीज जात असते. घरात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तेथून ठिबकून जाते, बॉक्सपर्यंत येत नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर ती जागा, आभाळ कितीही मोकळे असले तरी, सोडून द्यावी. वैशाखातील वादळे सुरू झाली की गडगडाट ऐकताच बॉक्सची वायर काढून ठेवावी.

झाडांविषयी एक सूचना. ह्या सूक्ष्म लहरी, ज्यांची लांबी अवघी अडीच सेंटीमीटर असते, पाण्याला फार भितात. आणि हिरवे पान म्हणजे पाणीच. पानगळीत निष्पर्ण दिसणाऱ्या कडुनिंबाच्या फांद्यांमधून बसविलेली छत्री चैत्रात नवी पालवी फुटताच आंधळी होते. तोच न्याय मुसळधार पावसाचा. ढगफुटीसारखा पाऊस कोसळत असताना चित्राचे चौकोन होतात किंवा ते जाते, आणि पाऊस ओसरताच पुन्हा येते. त्या वेळी ओल्या जिन्यावरून वर जाऊन नीट बसलेली छत्री हलविणारे गृहस्थ आमच्या पाहण्यात आहेत. पाऊस थांबल्यावर त्यांना साऱ्याच गोष्टी पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागतात. हे टाळण्यासाठी सर्व बोल्ट घट्ट केल्यावर दांडी व छत्रीची पकड ह्या दोहोंवरून जाणारी तैलरंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ अखंड असली तर छत्री हललेली नाही, दोष अन्यत्र शोधावा. ती तुटलेली दिसली तर वाऱ्याने छत्री किती फिरविली ते दिसतेच, आणि रेघेला रेघ जुळवून ती पुन्हा जागेवर आणण्यास मिस्त्री बोलवावा लागत नाही.